विश्लेषण : धडक झाली, मग फाउल कुणाचा? बास्केटबॉलमधला सर्वांत वादाचा निर्णय पंच कसा घेतात?

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडला की भिवंडीच्या रस्त्यावर कोन लागते. ठाणे जिल्ह्याच्या या पट्ट्यात मैदानी खेळ म्हटला की आधी नाव निघते कबड्डीचे, मग क्रिकेटचे. कबड्डीत अंगाला अंग लागणे हाच खेळ. चढाईला आलेल्याची पकड करायची, मांडी किंवा कंबर धरून त्याला तिथेच थोपवायचे. अशा नजरेला बास्केटबॉल सामना पाहताना एक गोष्ट हमखास खटकते. दोन खेळाडू एकमेकांवर आदळतात, बचाव करणारा खाली पडतो आणि शिट्टी वाजते. एकदा फाउल धडकणाऱ्यावर जातो, पुढच्या वेळी जवळपास तशाच धडकेत तो खाली पडलेल्यावर जातो. प्रेक्षकांना दृश्य एकच दिसते, पंचांचा निर्णय मात्र उलटा. मग प्रशिक्षक हात पसरतात, पालक ओरडतात आणि पंच एका बाजूचे असल्याची कुजबुज सुरू होते. बहुतेक वेळा पंचांनी फक्त प्रेक्षकांनी न पाहिलेली गोष्ट पाहिलेली असते.

आक्रमक खेळाडूवर फाउल म्हणजे काय?

चेंडू ज्या संघाच्या ताब्यात आहे, त्या संघाच्या खेळाडूने प्रतिस्पर्ध्याशी नियमबाह्य शरीरसंपर्क केला तर तो आक्रमक फाउल. त्याचा सर्वांत ठळक प्रकार म्हणजे ‘चार्जिंग’. चेंडू घेऊन किंवा चेंडूशिवाय प्रतिस्पर्ध्याच्या धडावर आदळणे किंवा त्याला रेटत पुढे जाणे म्हणजे चार्जिंग. त्याची उलट बाजू म्हणजे ‘ब्लॉकिंग’. प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत चुकीच्या पद्धतीने आडवे येऊन त्याची वाट अडवली तर फाउल अडवणाऱ्यावर. पंचांच्या खुणाही वेगळ्या आहेत. चेंडू घेऊन चार्जिंग झाले तर एका हाताची मूठ दुसऱ्या हाताच्या तळव्यावर आपटायची, ब्लॉकिंग झाले तर दोन्ही हात कमरेवर ठेवायचे. ही एवढी खूण सामन्यावर उघडून बसलेल्यांनी लक्षात ठेवली तरी निम्मा गोंधळ मिटतो.

मुळात हा प्रश्न खेळाच्या जन्मावेळी नव्हता. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉलचे १३ नियम लिहिले. खांद्याने ढकलणे, धरणे, पाडणे यांना त्यात सरळ मनाई होती. पण त्याच नियमांत चेंडू घेऊन धावायलाही मनाई होती. चेंडू जिथे पकडला तिथूनच फेकायचा. पुढे ड्रिबल आले, म्हणजे चेंडू जमिनीवर टप्पा देत पळण्याची मुभा मिळाली आणि चेंडूसह वेगाने धावणारा माणूस समोर उभ्या असलेल्या माणसावर जाऊन आदळू लागला. आजचा सगळा वाद ड्रिबलच्या पोटातून आला आहे. २८ मीटर बाय १५ मीटरच्या कोर्टावर दहा जण धावत असताना कुणाचा कुणाला धक्का लागणार नाही, ही अपेक्षाच चुकीची. त्यामुळे नियम ‘संपर्क झाला का’ हे विचारत नाहीत. संपर्काला जबाबदार कोण, हे विचारतात.

फाउलची किंमत किती?

आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या म्हणजे ‘फिबा’च्या नियमांनुसार एका खेळाडूचे पाच फाउल झाले की तो सामन्यातून बाहेर. अमेरिकेच्या एनबीएत ही मर्यादा सहाची आहे. फिबाच्या नियमांत एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की त्यानंतरच्या बचावातील फाउलसाठी समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळतात. चेंडू ताब्यात असलेल्या संघाने केलेल्या फाउलला मात्र कधीच फ्री थ्रो मिळत नाही. चेंडू जातो आणि प्रतिस्पर्ध्याला बाहेरून चेंडू आत टाकण्याची संधी मिळते.

शेवटच्या मिनिटात एका गुणाने मागे असलेल्या संघाची खेळाडू बास्केटकडे घुसली आणि धडक झाली, असे समजा. ब्लॉकिंग दिले तर तिला दोन फ्री थ्रो आणि आघाडी घेण्याची संधी. चार्जिंग दिले तर चेंडू गेला, तिच्या नावावर एक फाउल चढला आणि तो पाचवा असेल तर ती बाकावर. एका मुठीच्या फरकाने सामना फिरतो. आणि हे ठरवायला पंचाकडे डोळ्याचे पाते लवण्याइतकाच वेळ असतो.

बचावपटू ‘उभा होता’ म्हणून चार्जिंग, हे खरे का?

नाही. या खेळातला सर्वांत चिवट गैरसमज हाच. ‘तो हलत होता, मग चार्जिंग कसे?’ हा प्रश्न प्रेक्षकांतूनच नव्हे, प्रशिक्षकांच्या बाकावरूनही ऐकू येतो. फिबाच्या नियमावलीतील ३३ व्या कलमात शरीरसंपर्काची तत्त्वे दिली आहेत. बचावपटूने स्थिर उभे राहावे, अशी अट त्यात कुठेच नाही.

त्यात बचावाची वैध स्थिती सांगितली आहे आणि तिच्या सुरुवातीच्या अटी दोनच आहेत. बचावपटूचे तोंड प्रतिस्पर्ध्याकडे हवे आणि दोन्ही पाय जमिनीवर हवेत. ही स्थिती एकदा मिळवली की ती टिकवण्यासाठी त्याला बाजूला सरकता येते, मागे जाता येते, जागच्या जागी सरळ वर उडी मारता येते. सरकताना एक किंवा दोन्ही पाय क्षणभर जमिनीवरून उचलले गेले तरी हरकत नाही. चालत नाही ते एकच, चेंडूवाल्याच्या दिशेने पुढे येऊन धडक देणे. यात आणखी एक माणुसकीची तरतूद आहे. धडक बसणार हे दिसल्यावर मार कमी लागावा म्हणून बचावपटू स्वतःच्या जागेत अंग वळवू शकतो. छाती वाचवण्यासाठी थोडा वळला म्हणून त्याचा हक्क जात नाही.

मग निर्णय कशावर होतो? धड कुठे होते यावर. संपर्क बचावपटूच्या धडावर, म्हणजे छाती-पोटावर झाला तर तो त्या जागी आधी पोहोचला होता, असे मानले जाते. बाजूच्या खांद्याला, कमरेच्या कडेला किंवा पुढे काढलेल्या गुडघ्याला धडक लागली, तर बहुधा बचावपटूला उशीर झालेला असतो. वाट आधीच चेंडूवाल्याची झालेली असते आणि तो फक्त अंगाची कड घालून ती बुजवू पाहत असतो. ते ब्लॉकिंग. चाळीतल्या चिंचोळ्या जिन्यात समोरासमोर आलेल्या दोघांचा विचार करा. आधीपासून समोर असलेल्याला धडकणारा वेगळा आणि कुणी जवळून जात असताना कडेने खांदा घुसवणारा वेगळा.

चेंडूवाल्याला समोर पुरेसे अंतर मिळायला हवे का?

इथेही अंदाज चुकतो. चेंडू ज्याच्या हातात आहे त्याच्यासाठी नियम वेळ आणि अंतराचा विचारच करत नाही. आपल्याला कुणीतरी अडवायला येणार, हे चेंडूवाल्याने गृहीत धरले पाहिजे. सेकंदाच्या एका भागात जरी बचावपटू वैध स्थितीत समोर आला, तरी थांबण्याची किंवा दिशा बदलण्याची जबाबदारी चेंडूवाल्याचीच.

चेंडू नसलेल्या खेळाडूला मात्र हे संरक्षण आहे. तो पळत असताना ऐनवेळी त्याच्या वाटेत उभे राहता येत नाही. त्याला थांबायला किंवा वळायला अंतर ठेवावे लागते. त्याच्या वेगानुसार ते एका पावलापेक्षा कमी नसावे आणि दोन पावलांपेक्षा जास्त असण्याची गरज नाही. कारण साधे आहे. चेंडूवाल्याकडे सगळ्यांचे लक्ष असते आणि त्यालाही ते ठाऊक असते. चेंडूशिवाय धावणारा पासची वाट पाहत मागे बघत असतो, पुढे कोण उभे आहे ते त्याला दिसतेच असे नाही.

तिसरी पायरी हवेतल्या खेळाडूची, आणि इथे बचावपटूची मुभा एकदम आटते. चेंडूवाल्याचे पाय जमिनीवरून सुटण्याआधी बचावपटू जागेवर पोहोचला असला पाहिजे. उडी घेतल्यानंतर खालच्या वाटेत शिरणे केव्हाही बेकायदा. उडी घेताना जी जागा आणि तिकडे जाणारी सरळ वाट मोकळी होती, तिथे उतरण्याचा हक्क उडी मारणाऱ्याचा. हा नियम गुणांपेक्षा हाडांसाठी अधिक आहे. हवेत असलेल्या मुलीला दिशा बदलता येत नाही. तिच्या पायाखाली कुणी सरकले तर ती पाठीवर किंवा मनगटावर आदळते. शालेय सामन्यात हा फाउल सोडून देणारा पंच एक गुण चुकवत नाही, तो मुलांना धोकादायक सवय लावतो.

बास्केटखालचे अर्धवर्तुळ कशासाठी?

बास्केटखाली जमिनीवर एक छोटे अर्धवर्तुळ आखलेले असते. रिंगच्या मध्याच्या बरोबर खालच्या बिंदूपासून त्याची त्रिज्या १.२५ मीटर. बचावपटूचा एक जरी पाय या भागात टेकलेला असेल आणि चेंडूवाला हवेत राहून बास्केटकडे फेक किंवा पास करत असेल, तर दोघांच्या धडकेला चार्जिंग म्हणता येत नाही. फिबाने हे २०१० मध्ये आणले. एनबीएत तशी आखणी १९९७-९८च्या हंगामापासून आहे आणि तिथे त्रिज्या चार फूट, म्हणजे सुमारे १.२२ मीटर.

हे येण्याआधी काही बचावपटू थेट रिंगखाली तळ ठोकत. चेंडू अडवण्याचा प्रयत्नच नसे. वरून कुणी उतरेल आणि आपल्यावर पडेल, एवढीच वाट पाहायची. अर्धवर्तुळाने तो धंदा बंद केला. मात्र या भागात आले म्हणजे आक्रमकाला सर्व माफ, असे नाही. त्याने हाताने ढकलले, कोपर मारले, पाय पुढे काढला तर अर्धवर्तुळात असतानाही फाउल त्याचाच.

सेकंदाला पाच मीटर वेगाने येणारा खेळाडू हे १.२५ मीटर अंतर पाव सेकंदात कापतो. तेवढ्यात पंचाला बचावपटूचे पाय रेषेच्या आत की बाहेर, धड समोर की कडेला आणि उडी आधी की बचावपटू आधी, ही तीनही उत्तरे हवी असतात.

जगातले सर्वोत्तम पंचही इथे अडखळतात का?

३१ मे २०१८. एनबीएच्या अंतिम मालिकेचा पहिला सामना, ओकलंड. क्लीव्हलँड कॅव्हेलियर्स १०४-१०२ असे पुढे होते आणि चौथ्या क्वार्टरची सुमारे ३६ सेकंद उरली होती. गोल्डन स्टेट वॉरियर्सचा केव्हिन ड्युरँट बास्केटकडे घुसला. त्या रात्री ५१ गुण करणारा लेब्रॉन जेम्स सरकत त्याच्यासमोर आला. धडक झाली, लेब्रॉन पडला आणि पंचांनी चार्जिंग दिले. चेंडू क्लीव्हलँडचा होणार होता.

मग पंच पडद्यापाशी गेले. लेब्रॉनचे पाय बास्केटखालच्या अर्धवर्तुळात होते का, हे तपासण्यासाठी. पाय बाहेरच होते. पण तपासणी सुरू झाल्यावर त्याची बचावाची स्थिती वैध होती का हेही पाहता येत होते. ती वेळेत तयार झाली नव्हती, असे ठरले आणि चार्जिंगचे ब्लॉकिंग झाले. ड्युरँटने दोन्ही फ्री थ्रो टाकून १०४-१०४ अशी बरोबरी साधली. सामना जादा वेळेत गेला, वॉरियर्सने तो १२४-११४ असा जिंकला आणि पुढे मालिकाही ४-० अशी खिशात घातली.

निर्णय योग्य की अयोग्य, यावर तेव्हा खूप चर्चा झाली. पण त्यातली खरी शिकवण वेगळी आहे. अनुभवी पंच, अनेक कॅमेरे आणि संथगतीची चित्रफीत असूनही पहिला आणि दुसरा निर्णय एकमेकांच्या विरुद्ध निघाला. शाळेच्या मैदानावर बहुधा शारीरिक शिक्षणाचे सर किंवा बाई एकट्या शिट्टी घेऊन उभ्या असतात. तिथे ना पडदा, ना दुसरी संधी. त्यांच्याकडून अचूकतेपेक्षा एकसारखेपणाची अपेक्षा करणे रास्त आहे. पहिल्या क्वार्टरमध्ये जे चार्जिंग, ते चौथ्यातही चार्जिंग.

मग पंचांनी बघायचे तरी कुठे?

बचावपटूकडे. सगळे मैदान चेंडूकडे पाहते, घुसणाऱ्याच्या वेगाने दिपून जाते. पंचांना प्रशिक्षणात उलटे शिकवले जाते. चेंडूवाला निघाला की नजर बचावपटूच्या पायांवर आणि धडावर न्यायची. तो जागेवर केव्हा पोहोचला हे आधी पाहिले असेल तरच धडक झाल्यावर काही सांगता येते. धडकेच्या आवाजाने मान वळवणारा पंच फक्त निकाल पाहतो, कारण पाहत नाही. खाली कोण पडले यावरून फाउल देणारे पंच बहुतेक याच सापळ्यात सापडलेले असतात.

दुसरे म्हणजे कोन. इथे गावाचे नाव नव्हे, उभे राहण्याची जागा. दोन खेळाडूंच्या मधली फट दिसेल अशा ठिकाणी पंच हवा. तो एकाच्या पाठीमागे रांगेत उभा असेल तर दोन्ही अंगे एकमेकांवर चिकटलेली दिसतात आणि संपर्क धडावर झाला की खांद्यावर, हे कळतच नाही. म्हणून एक पंच अंतिम रेषेवर आणि दुसरा मागून येणारा असतो. दोघांनी एकाच वेळी शिट्टी फुंकली तर आधी फक्त मूठ वर करायची. मूठ म्हणजे फाउल, उघडा तळवा म्हणजे इतर नियमभंग. कमरेवर हात की तळव्यावर मूठ, ही पुढची खूण नजरानजर झाल्याशिवाय दाखवायची नाही. नाहीतर एकाच धडकेला एक पंच चार्जिंग आणि दुसरा ब्लॉकिंग दाखवतो, आणि मग दोघांचेही कुणी ऐकत नाही.

चेंडू हातातून कधी सुटला, हेही पाहावे लागते. फिबाच्या नियमांत फेक हातातून सुटताच संघाचा चेंडूवरचा ताबा संपतो. त्यानंतर फेकणारी खेळाडू हवेतून खाली येताना बचावपटूच्या छातीवर आदळली, तर फाउल तिचाच. पण चेंडू बास्केटमध्ये पडला तर गुण ग्राह्य. आणि ताबा संपलेला असल्याने तिच्या संघाचे चार फाउल आधीच झाले असतील तर प्रतिस्पर्ध्याला दोन फ्री थ्रोही मिळतात. बास्केट दिले आणि फाउलही दिला, हे पाहून पंच दोन्ही दगडांवर पाय ठेवत असल्याचे वाटते. प्रत्यक्षात तो नियमाचे शब्दशः पालन करत असतो.

ढकलणे, कोपर आणि स्क्रीन यांचे काय?

आक्रमक फाउल म्हणजे केवळ छातीवरची धडक नव्हे. ड्रिबल करताना मोकळा हात पुढे करून बचावपटूला दूर लोटणे, त्याच्या अंगाभोवती हात अडकवून पुढे सटकणे, बास्केटजवळ पाठ लावून त्याला जागेवरून रेटणे, हे सगळे त्यातच येते. प्रत्येक खेळाडूभोवती एक अदृश्य नळकांडे असते, अशी नियमाची कल्पना आहे. पुढे तळव्यांपर्यंत, मागे पार्श्वभागापर्यंत, बाजूला हात-पायांच्या बाहेरच्या कडेपर्यंत. त्याच्या सरळ वरची जागाही त्याचीच. हात पुढे धरायचे तर कोपरात वाकवून आणि पाय-गुडघ्यांच्या पुढे न नेता. आपल्या नळकांड्यात राहून उडी मारणाऱ्यावर दुसरा आदळला तर चूक आदळणाऱ्याची. बचावपटूही चेंडूवाल्याच्या नळकांड्यात घुसू शकत नाही. अगदी चिकटून उभे राहून त्याला साधी हालचालही करू द्यायची नाही, ही युक्ती आता चालत नाही.

स्क्रीनचा फाउल प्रेक्षकांना सर्वांत कमी दिसतो, कारण तो चेंडूपासून दूर होतो. सहकाऱ्याला मोकळे करण्यासाठी त्याच्या बचावपटूच्या वाटेत उभे राहणे म्हणजे स्क्रीन. उभा राहणारा संपर्काच्या क्षणी स्थिर हवा. होय, इथे ‘उभा असणे’ खरोखरच लागते, आणि कदाचित वरचा गैरसमज इथूनच पसरला असावा. बचावपटूला दिसेल अशा बाजूने स्क्रीन लावला तर कितीही जवळ उभे राहता येते. पाठीमागून लावला तर एक सामान्य पाऊल टाकण्याइतकी जागा सोडावी लागते. स्क्रीन लावणाऱ्याने ऐनवेळी कंबर किंवा गुडघा बाहेर काढला की फाउल.

प्रत्येक स्पर्शावर शिट्टी वाजवायची का? तसे केले तर सामना कधी संपणारच नाही. त्या संपर्काने कुणाला गैरफायदा मिळाला का, कुणाची हालचाल अडली का, हे पंचाने तोलायचे असते. वैध स्थितीतल्या बचावपटूच्या छातीला हलका स्पर्श करून चेंडूवाला बाजूने निघून गेला आणि कुणाचेच काही बिघडले नाही, तर खेळ पुढे चालू.

मुद्दाम पडणाऱ्यांना कसे ओळखतात?

छातीवर जोराचा मार बसला तर माणूस मागे जातो, पण आधी मार, मग मागे. नाटक करणाऱ्याचा क्रम उलटा असतो. संपर्काआधीच डोके मागे फेकले जाते, हात हवेत उडतात. अशा वेळी पंच खेळ न थांबवता हाताचा पुढचा भाग दोनदा उचलून खूण करतात आणि खेळ थांबला की खेळाडू व प्रशिक्षकाला ताकीद देतात. त्या संघाने पुन्हा तसे केले तर तांत्रिक फाउल. एनबीएनेही २०२३-२४च्या हंगामापासून सामन्यातच अशा सोंगाला शिक्षा द्यायला सुरुवात केली.

मुंबईत नागपाड्यासारख्या वस्तीने या खेळाला पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू दिले. १९७० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुंतासिर तिथलेच. नियमांची ही समज तिथे मैदानावरच्या रोजच्या भांडणांतून मुरते. जिथे खेळ नवा आहे तिथे निदान आखणी तरी नीट हवी. अर्धवर्तुळच रंगवलेले नसेल तर बास्केटखालच्या धडकेचा निर्णय अंदाजावर जातो. ते आखायला फार काही लागत नाही. अंतिम रेषेच्या आतल्या कडेपासून कोर्टाच्या मधोमध १.५७५ मीटरवर खूण करायची, कारण रिंगचा मध्य तिथेच वर असतो. त्या खुणेवर सुतळीचे एक टोक दाबून धरायचे, दुसरे टोक १.२५ मीटरवर खडूला बांधायचे आणि समोरच्या बाजूला अर्धा फेरा ओढायचा. त्याच्या दोन्ही टोकांपासून अंतिम रेषेच्या दिशेने छोट्या सरळ रेषा फळ्याच्या पुढच्या कडेच्या खालपर्यंत न्यायच्या.